लागू नसेल ते खोडावे

मला वाचता येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि खरं मात्र कुणालाच वाटत नव्हतं. कारण पौर्णिमेला विहारात वंदना म्हणायला मला पुढं बसवत. सहा वर्षांची असेन, पण त्रिशरणापासून शेवटच्या गाथेपर्यंत मी न अडखळता म्हणायची. हातात ती पातळ पुस्तिका धरलेली असायची आणि पानंसुद्धा मी वेळेवर उलटायची. बायका मायला म्हणायच्या, तुझी लेक मास्तरीण होते बघ. पुस्तिका कधी कधी माझ्या हातात उलटी असायची, पण ते ओळखणारं त्या ओळीत कुणी नव्हतं. त्या बायकांनाही वाचता येत नव्हतं.

हे सगळं मी लिहीत नाही, सांगते आहे. भावाची मुलगी रमा समोर बसून टाइप करते आणि मध्येच विचारते, आत्या, हे वाक्य असंच राहू देऊ का. राहू दे म्हणते मी. साठी उलटल्यावर वाक्यं विंचरत बसण्यात काही हशील नाही.

माझी शाळा सुरू झाली ती दुष्काळात. किल्लारीच्या अलीकडं आमचं गाव. आता ते त्या जागेवर नाही, भूकंपानंतर वरच्या माळावर वसलं. मी सांगते ते जुनं गाव. विहिरीचा तळ दिसत होता आणि माय पाझर तलावाच्या कामावर जायची. शाळा सुटली की मीही तिकडंच. खडी फोडणाऱ्या शंभर बायांच्या हातोड्या एका वेळी कधीच पडत नाहीत, त्यामुळं लांबून तो आवाज एखाद्या मोठ्या जात्यात दगड भरडल्यासारखा यायचा. दुपारी सुकडी मिळायची, गोडसर, पिठूळ, टाळूला चिकटणारी. घरी तांबड्या मिलोची भाकरी. ती थापताना कडेनं तडकायची आणि माय ओल्या हातानं तिला सांधत म्हणायची, "परदेशातून आलेली हाय बिचारी, तिला आपला तवा ठावं न्हाई." एकदा मुकादमाचं हजेरीचं पुस्तक घरी राहिलं. तो कपाळाला हात लावून बसला, तेव्हा मी त्याला सगळ्या बायांची नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानं सांगितली. रोज सकाळी तो पुकारायचा, मी रोज ऐकायची, एवढंच. त्यानं मला मूठभर सुकडी जास्त दिली आणि मायला म्हणाला, ही पोर वर्गात पहिली येत असंल. माय खाली बघून दगड फोडत राहिली.

वर्गात मी शेवटची होते. पाटीवरची अक्षरं मला दिसायची, नाही असं नाही. पण घ आणि ध, म आणि भ, थ आणि य ही जुळी भावंडं असल्यासारखी एकमेकांच्या जागी येऊन बसत. पहिल्या वेलांटीनं तर माझा छळ केला. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षराच्या नंतर, हा कुठला न्याय ते मला कळायचं नाही. एक ओळ वाचायला घेतली की तिसऱ्या शब्दाशी पहिला शब्द हातातून सुटलेला असायचा. गुरुजी वाईट नव्हते. ते दादांना म्हणाले, दुष्काळातलं लेकरू आहे, पोटात दूध नाही, अन्नपाणी सुधारलं की डोकं चालेल. दुष्काळ संपला. पुढच्या साली ज्वारी घरात आली, अंबाडीच्या भाजीवर तेलाची फोडणी पडायला लागली, माझे गाल भरले. अक्षरं होती तशीच राहिली. मग दुष्काळाचं कारण संपलं आणि मी आळशी ठरले.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. औशाच्या तहसील कचेरीत ते शिपाई होते. आमच्या घराण्यात अक्षर पहिल्यांदा त्यांच्या हाताला लागलं. त्यांच्या वडलांना गावानं शाळेच्या पायरीवरसुद्धा बसू दिलं नव्हतं. दादा सातवी झाले होते, आणि कचेरीतून आणलेला शिळा पेपर ते संध्याकाळी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे, मथळ्यापासून जाहिरातीपर्यंत. शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा एखादी गोड वस्तू जिभेवर धरल्यासारखा व्हायचा. अशा माणसाची पहिली लेक पुस्तकापुढं मुकी बसते, हे त्यांना सहन होत नव्हतं. त्यांच्याकडं कचेरीतली आखणीची लाकडी पट्टी होती. "ध म्हण," ते म्हणायचे. मी घ म्हणायची. पट्टी तळहातावर बसायची. मारून झालं की ते जेवत नसत. माय दोन ताटं करायची, एक माझं, एक त्यांचं, आणि दोन्ही तशीच झाकून ठेवायची.

रमा इथं थांबली. म्हणाली, आजोबा असे होते? मी म्हणाले, होते. पुढचं ऐक.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी दहावीला एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा बसले होते. दादांची बदली लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत झाली आणि आम्ही गाव सोडून लातूरला एका खोलीत राहायला आलो. खोली एका विधवा मुसलमान बाईची होती. तिला सगळा बोळ खाला म्हणायचा, आम्हीही म्हणू लागलो. नव्या जिल्ह्याचं तेव्हा सगळंच नवं आणि अपुरं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, कुठं खाली पिठाची गिरणी आणि वर शासनाचं खातं. कागदावर छापलेलं असायचं उस्मानाबाद. त्यावर पेनानं रेघ मारून बाजूला लातूर लिहायचं, हे काम कितीतरी महिने दादांकडं होतं. ते घरी येऊन हसत सांगायचे, आज शंभर वेळा लातूर लिहिलं, आता झोपेतबी लिहीन. बोळात सकाळपासून आवाज असायचा: सायकलीवरचा दूधवाला, नळावर घागरींची रांग, खालाचा कोंबडा, आणि पलीकडं शिवणयंत्र.

खालाची मुलगी मुमताज माझ्याच वयाची, माझ्याच शाळेत. तिला मोठ्यानं वाचल्याशिवाय अभ्यास होत नसे आणि मला ऐकल्याशिवाय होत नसे, ही आमची गाठ. ती पायरीवर बसून वाचायची आणि मी तिच्या वाटणीची भांडी घासायची. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, सगळं माझ्या डोक्यात मुमताजच्या आवाजात आहे, राखेच्या वासासकट. खाला दारातून म्हणायची, "एक पढती, एक मांजती, अन् दोनो पास होती क्या बोलते." दोघी पास झालो खऱ्या. ती चांगल्या मार्कांनी, मी काठावर. कारण उत्तर मला सगळं यायचं, पण तीन तासांत माझं निम्मंच लिहून व्हायचं, आणि तेही तपासणाऱ्याला लागेल असं नसायचं. बारावीलाही तेच झालं. मग मुमताजला उदगीरचं स्थळ आलं आणि जूनच्या आत ती गेली. जाताना तिनं मला आपली सगळी पुस्तकं दिली. मी ती घेतली. दुसरं काय करणार होते.

त्या उन्हाळ्यात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. कुणी वाईट मनानं करत नव्हतं. दादांनी पट्टी कधीच सोडली होती, आता ते माझ्याशी शिक्षणाबद्दल बोलतच नसत. ते मौन मला पट्टीपेक्षा जास्त लागायचं.

आणि एक दिवस दादा साहेबांबरोबर नांदेडला गेले. तिथल्या एका कॉलेजात कसलीशी बैठक होती. साहेब आत, दादा बाहेर व्हरांड्यात. व्हरांड्याच्या टोकाला एका खोलीतून वाचण्याचा आवाज येत होता, म्हणून ते दारापर्यंत गेले. एक बाई पुस्तक वाचत होत्या आणि समोर सातजण बसले होते, सगळे अंध. दादा आम्हाला ते सांगताना स्वतःच तसे बसून दाखवत होते: मान थोडी कलती, हात मांडीवर, ओठ अगदी बारीक हलतायत. मायला ते म्हणाले, "आपली सुमन मुमताजपाशी अशीच बसायची. हुबेहूब." एवढं बोलून ते पाणी प्यायला उठले, आणि बराच वेळ रांजणापाशीच उभे राहिले.

त्या बाई म्हणजे उत्तरवार मॅडम. मूळच्या देगलूरच्या, घरी तेलुगू बोलायच्या, मानसशास्त्र शिकवायच्या. अंध विद्यार्थ्यांसाठी त्यांनी कॉलेजात एक वाचनखोली सुरू केली होती. दोन वाचक होते, परीक्षेला लेखनिक मिळवून द्यायची व्यवस्था होती. दादांनी दारातच त्यांना माझ्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, असं असू शकतं, मी परदेशी मासिकात वाचलंय, प्रत्यक्ष कुणी भेटलं नाही, अर्ज करा. आणि त्यांनी छापील फॉर्म दिला.

तो फॉर्म आमच्या घरात आठवडाभर मायच्या डब्यांच्या फळीवर होता. दादा रोज काढायचे, सतरंजीवर पसरायचे, आणि परत ठेवायचे. त्यात एक ओळ होती: अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग, लागू नसेल ते खोडावे. दादा सरकारी माणूस, खोटं लिहिणार नाहीत. शेवटी त्यांनी रेघ मारून तिन्ही शब्द खोडले. मग त्या खोडलेल्या ओळीकडं बघत म्हणाले, "आता यात आपण कुठं हावोत?"

सोबत जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला जोडायचा होता. जिल्ह्याला दोन-तीन वर्षं झाली तरी त्या कार्यालयाचं अर्धं सामान अजून पेट्यांतच होतं. डॉक्टरांनी मला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. मी पहिल्या दोन ओळींतच ध-घ केलं. डॉक्टर म्हणाले, नजर बरीच अधू दिसते. दादांचा चेहरा क्षणभर उजळला. आशेनं माणूस किती विचित्र होतो ते तेव्हा मी पाहिलं. मग डॉक्टरांनी दुसरा तक्ता लावला, ज्यात एकच खूण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असते, आणि हातानं दिशा दाखव म्हणाले. मी अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत एकही चूक न करता दाखवलं. डॉक्टर हसले आणि दाखल्यावर त्यांनी लिहिलं: दृष्टी उत्तम. लातूरचा शिक्का अजून आला नव्हता, म्हणून उस्मानाबादचा मारून त्यावर रेघ ओढली. अपंगांच्या सवलतीच्या अर्जाला जोडायला असा दाखला घेऊन आम्ही दोघं उन्हात बाहेर आलो.

दादांनी मॅडमना पोस्टकार्ड टाकून हे कळवलं. त्यांचं उत्तर आलं ते मला धडकी भरवणारं होतं. दाखला आहे तसा जोडा, आणि मुलीनं एक साधा अर्ज स्वतःच्या हातानं लिहावा, कुणी सुधारू नये, असं त्यात होतं. दादांना ते पटेना. त्यांनी कचेरीतल्या मोत्यासारखं अक्षर असणाऱ्या कारकुनाला आधीच सांगून ठेवलं होतं. आपल्या घरचा कागद चुकांसकट प्रिन्सिपलपुढं जाणार, ही कल्पनाच त्यांना नागवं होण्यासारखी होती. आमच्या माणसांनी कागदावर चूक केली की लोक काय म्हणतात ते त्यांनी उभा जन्म ऐकलं होतं. निकाल मायनं लावला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "डॉक्टरला दुखतंय तिथंच दाखवावं लागतं. झाकलं तर तो औषध कशाचं देईल?"

चार दिवस मी लिहीत होते. पुसून, फाडून, पुन्हा. शेवटी जे झालं ते असं होतं. मॅडमनी तो कागद पुढं मला परत दिला म्हणून सांगता येतं. रमा तो समोर धरून जशाचा तसा उतरवते आहे:

"भाननीय प्राचर्य साहेब. भी सुमन. भला ऐकलेल सगळ राहात. वाचलेल राहात नाहि. आक्षर जगेवर थाबत नाहित. भी आळशी नाहि. आमच्या धरात दादा वाचतात. भला पण शिकायच आहे."

सात ओळी. दादांनी तो कागद वाचला नाही. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि आम्ही नांदेडची एसटी धरली.

प्रिन्सिपलच्या खोलीत चौघं होते: प्रिन्सिपल, मॅडम, कॉलेजचे मुख्य लिपिक, आणि वाचनखोलीतल्या विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी नागनाथ. तो धर्माबादचा, जन्मापासून अंध, बीएच्या शेवटच्या वर्षाला. दादा आत आले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मॅडम बसा म्हणाल्या तरी बसले नाहीत. साहेबांपुढच्या खुर्चीवर बसायचं असतं हे त्यांच्या अंगाला माहीतच नव्हतं. लिपिकांनी फॉर्म पाहिला आणि म्हणाले, तिन्ही रकाने खोडलेत, वर दृष्टी उत्तम. ही विद्यार्थिनी नियमात बसत नाही. त्यांचं चूक नव्हतं.

मग मॅडमनी माझा अर्ज मोठ्यानं वाचला. त्यांनी चुका वाचल्या नाहीत. सरळ, स्वच्छ मराठीत, मला म्हणायचं होतं तसा वाचला. मी आळशी नाही, हे वाक्य मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. नंतर त्यांनी तो कागद प्रिन्सिपलपुढं ठेवला आणि म्हणाल्या, आता हा बघा. प्रिन्सिपल बराच वेळ बघत राहिले.

नागनाथनं बोलायची परवानगी मागितली. "मी वाईट दिसंल असं बोलतो, मॅडम," तो म्हणाला. "वाचणारे दोन हायत, ऐकणारे आम्ही सात. मला दिवसात दीड तास मिळतो. त्यात डोळस पोरगी आली तर माझा वेळ कापला जाईल. तिला दिसतं. ती आज ना उद्या शिकंल. मी कितीबी शिकलो तरी मला दिसणार न्हाई."

मला त्याचा राग आला नाही. त्याचं म्हणणं मला इतकं खरं वाटलं की मी उठून जावं असं वाटलं. तेवढ्यात भिंतीपासून दादांचा आवाज आला. कचेरीत वर्षानुवर्षं न विचारता न बोललेला माणूस.

"साहेब, मी मारलंय हिला," ते म्हणाले. "पट्टीनं. सात-आठ साल. मला वाटलं माजलीय, मुद्दाम करतीय. ध म्हण म्हटलं की घ म्हणायची. मारून येत असतं तर हिला समद्यात आधी आलं असतं."

इतकंच. मी मान खाली घातली होती, त्यांच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही.

नागनाथनं आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. थोडा वेळ तो बोटांनी मांडीवर काहीतरी मोजल्यासारखं करत होता. मग म्हणाला, मॅडम, हिला एक पान वाचून दाखवा, आमच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं, अवघड. मॅडमनी वाचलं. एकदाच. नागनाथ म्हणाला, आता सांग. मी सांगितलं. मध्ये एका ठिकाणी माझं वाक्य पुस्तकापेक्षा वेगळं झालं, ते त्यानं पकडलं, आणि पुढं सांग म्हणाला. पान संपलं तेव्हा तो हसत होता.

"ही आमच्या वेळेत आठवी न्हाई," तो म्हणाला. "वाचक सुट्टीवर असला की आम्ही बसून राहतो. ही एकदा ऐकून दुसऱ्याला सांगंल. घ्या हिला."

असा मला प्रवेश मिळाला. प्रिन्सिपलनी खोडलेल्या ओळीखालच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या हातानं काहीतरी लिहून सही केली. आज ही गोष्ट सांगताना एक कुसळ मात्र टोचतं. माझा कामाला उपयोग झाला म्हणून मला घेतलं. माझं पाठांतर असं नसतं तर? अक्षरं न थांबणारी आणि ऐकलेलंही न राहणारी एखादी पोर त्या खुर्चीवर असती तर तिनं कुठं जायचं होतं? अंधशाळेत मी पुढं तीस वर्षं शिकवलं, तिथं दर जूनला नवी मुलं यायची तेव्हा हा प्रश्न मी स्वतःला विचारत आले. नागनाथला दोष नाही. ताटात भाकरी एक असली की वाढणाऱ्याला असं मोजावंच लागतं.

परतीच्या एसटीत आम्हाला मागच्या सीटवर जागा मिळाली. खिडकीतून ऊन आत येत होतं. अहमदपूरच्या स्टँडवर दादांनी भजी घेतली, कागद आमच्या दोघांच्या मधे ठेवला. गाडी सुटल्यावर त्या तेलकट कागदावर छापलेला मजकूर त्यांनी बोटानं दाखवला आणि विचारलं, "सुमे, तुला हे दिसतं कसं?"

अठरा वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. काय येतं, काय येत नाही, हे सगळ्यांनी विचारलं. मी त्यांना सांगायला लागले. म्हटलं, दादा, जत्रेत गर्दीत तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात, आणि वरून ओळखीचं माणूस दिसायचं, पण बोट दाखवेपर्यंत ते दुसरीकडं गेलेलं असायचं, तसं. ते पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि ही वेलांटी? आणि जोडाक्षर? मी सांगत होते. लातूर येईपर्यंत भजी तशीच थंड झाली होती. उतरताना त्यांनी माझा हात धरला, तळवा वर केला, एकदा पाहिला, आणि सोडून दिला.

नांदेडला मी मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात राहू लागले. वाचनखोलीतली तीन वर्षं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात गजबजलेला काळ. तिथं आम्ही एकमेकांना आवाजानं ओळखायचो. नागनाथ मला "टेप" म्हणायचा. पुढं तो बँकेत लागला. आजही फोन करतो आणि नाव सांगत नाही, नुसतं खाकरतो. पण वर्षाच्या परीक्षेला मोठी अडचण होती. खोली कॉलेजची, परीक्षा विद्यापीठाची. लेखनिक मिळायचा तो अंधांना, किंवा हात मोडलेल्यांना. पहिल्या दोन्ही वर्षी विद्यापीठानं माझा अर्ज परत पाठवला. दोन्ही वर्षी मी माझ्या हातानं निम्मे पेपर लिहून काठावर सुटले. मॅडम दर वेळी नवा अर्ज करायच्या, त्याला माझ्या उत्तरपत्रिकेची नक्कल, त्या मासिकातल्या लेखाचं स्वतः केलेलं भाषांतर, आणि तो माझा सात ओळींचा कागद जोडायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "अम्मा, ते कंटाळेपर्यंत आपण कंटाळायचं नाही."

तिसऱ्या वर्षीच्या संक्रांतीच्या सुट्टीत मी लातूरला होते. दादा दुपारचे जेवायला घरी आले ते हातात लिफाफा घेऊनच. पत्र कॉलेजला आलं होतं, मॅडमनी नक्कल पाठवली होती. माय चुलीपुढं बाजरीची भाकरी करत होती, तीळ लावून. दादांनी पायही धुतले नाहीत. चष्मा लावला, आणि ओसरीवर पेपर वाचायचे त्याच आवाजात सुरुवात केली. संदर्भ, विषय, महोदय, काहीही न गाळता. सदर विद्यार्थिनीस विशेष बाब म्हणून लेखनिकाची मदत व प्रत्येक पेपरास अर्धा तास जादा वेळ मंजूर करण्यात येत आहे. इथं ते थांबले, पाणी प्यायले, आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"अजून एक ओळ हाय," ते म्हणाले. ती त्यांनी हळू वाचली. सदर परवानगी हा पायंडा समजण्यात येऊ नये.

माझ्या डोळ्यांपुढं वाचनखोलीतला लोहा गावचा एक मुलगा आला. तो त्या वर्षी नवा आला होता. त्याचीही अक्षरं थांबत नव्हती, आणि माझं काय होतं याकडं तो डोळे लावून बसला होता.

मायनं विचारलं, पायंडा म्हणजे काय ओ.

दादांनी चष्मा काढला. त्यांनी शिपाईगिरीत जन्म काढला होता, सरकारी शब्दांचा अर्थ ते अधिकाऱ्यांपेक्षा बरा सांगायचे. "पायवाट," ते म्हणाले. "आधी कुणी एक जण जातो. त्याच्या पायानं गवत दबतं. मग मागचे तिथूनच जातात. ते म्हणतात, तशी वाट समजू नका."

मायनं भाकरी तव्यावर उलटली. तीळ तडतडले.

"असं कसं," ती म्हणाली. "लेक तर गेली की माझी तिथून."

दादांनी उठून पत्राची घडी घातली, ती उलगडून पुन्हा नीट घातली, आणि मला म्हणाले की जेवण झालं की मंडईजवळच्या टायपिंगवाल्याकडं जाऊ, याच्या चार नकला करून घेऊ, त्या लोह्याच्या पोराला एक लागंल.